धाकट्या पुळणीवरचं लगीन

"द्वारके, सांग तुज्या लाडक्याक! जो माणूस बांगडो खाय नाय, तेच्या घरात माजी भयण जावची नाय!"

"आते, बाबांका सांग, लगीन तुजा आसा. बांगड्याचा नाय!"

"तेका सांग, नववीत शाळा सोडल्यान तेणी. माका अक्कल शिकवू नको म्हणान सांग!"

"आते, बाबांका सांग, शाळेत बांगडो शिकवणत नाय!"

"गप रवा रे दोघांय!" आते ओरडली. तिच्या हातात तांदळाच्या पिठाचा गोळा होता, तो तिने परातीत असा आपटला की पीठ बाबांच्या मिशीवर उडालं. "लगीन माजा, भांडणा तुमची, आणि निरोप पण मीच पोचवूचे? मी काय पोस्टमन आसंय?"

बाबा पडवीत जाळं शिवत बसले होते. मी दारात. दोघांच्या मध्ये आते, आणि आतेपासून आम्ही दोघंही हाताच्या अंतरावर. तरी आमचं बोलणं तिच्यातूनच जायचं. मी शाळा सोडली त्या दिवशी बाबांनी माझ्या थोबाडीत मारली आणि मी त्यांचं आवडतं वल्हं गुडघ्यावर घेऊन मोडलं. तेव्हापासून ते मला 'तो' म्हणायचे आणि मी त्यांना 'ते'. जेवायला बसलो की, "द्वारके, तेका विचार, आमटी व्हयी?" आणि मी म्हणायचो, "आते, सांग, नको." आमटीचं भांडं माझ्यासमोर असायचं.

आई मी पाळण्यात असताना गेली. तेव्हापासून घर आतेच्या हातात. स्वतःचं लग्न ती 'मगे बघूया' म्हणत राहिली, आणि बघता बघता चाळिशी आली. सकाळी मासळीची टोपली घेऊन एस.टी.ने बाजारात जायची. टोपली बघितली की कंडक्टर नाक मुरडायचे. मागे ठेव, टपावर टाक, पुढच्या गाडीने ये. मग गडहिंग्लजकडचा केरबा मास्तर आमच्या मुक्कामी गाडीवर कंडक्टर म्हणून आला. माळकरी माणूस, मासळीचा वाससुद्धा सहन होत नाही. पण पहिल्याच दिवशी त्याने आतेची टोपली उचलून स्वतःच्या सीटशेजारी ठेवली आणि म्हणाला, "बसा बाई. मासं काय पळून जात न्हाईत." आते म्हणाली, "मी पण नाय." पुढचं सगळं त्या गाडीतच ठरलं. मास्तरची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली. तो बाबांना विचारायला तीनदा घरी आला. तिन्ही वेळा बाबांनी त्याच्यासमोर तळलेला बांगडा ठेवला. तिन्ही वेळा त्याने हात जोडले आणि पाणी पिऊन गेला.

त्या दिवशी भांडण झाल्यावर आते विहिरीवर गेली. मी मागोमाग गेलो.

"आते, पळान जा."

"मी?" तिने कळशी खाली ठेवली. "माजो गुडघो बघलंस? मी पळतलंय?"

"पळूचा नाय गो. चलत जावचा. आमच्या रिसॉर्टवर लोक येतत ना तशा."

मी तेव्हा खाडीपलीकडच्या एका रिसॉर्टवर कामाला होतो. तिथे पुण्या-मुंबईची पोरं लग्न करायला यायची. छोटंसं, खासगी, आपल्या आपल्यात. समुद्र, चार काठ्यांचा मांडव, पांढरे पडदे, पाचसहा माणसं, बस्स. आणि याला म्हणायचे पळून जाऊन लग्न!

"आईबापूस गाडीन सोडूक येतत," मी आतेला सांगितलं. "गेटावर टाटा करतत. आणि ही पोरां म्हणतत, आमी पळान लगीन करतांव."

आते इतकी हसली की कळशी कलंडली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "आणि आमका खरा पळूचा आसा, तर आमका कोण टाटा करतलो?"

"मी करतलंय. सगळा मी करतलंय. तू फक्त लुगडा काढ."

 कळशी भरता भरता तिने विचारलं, "जांभळा की हिरवा?"

मला तर रात्रभर झोप नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातात आख्खं काम सोपवलं होतं, आणि ते काम मला येत होतं! रिसॉर्टवरच्या पल्लवी मॅडम सगळं कसं बघतात ते मी टिपून घेतलेलं. वारा पाठीमागून हवा, नाहीतर नवरीचे केस तोंडात जातात. ऊन डोळ्यांवर नको. पाणी ओहोटीचं हवं, नाहीतर मांडव वाहून जातो. आणि लाट नको, मंत्र ऐकू येत नाहीत.

जागा मी आधीच ठरवून टाकली. धाकटी पुळण. आमच्या गावाची थोरली पुळण घरांसमोर आहे, तिथे होड्या, जाळी, कुत्री, पोरं. पण मधलं टेकाड ओलांडून सड्यावरून, वरच्या कातळी माळावरून, खाली उतरलं की धाकटी पुळण लागते. रस्ता नाही, हॉटेल नाही, माणूस नाही. वाळूवर फक्त खेकड्यांची नक्षी. मी तिथे तीन सकाळी जाऊन बसलो, वारा बघितला, पाणी बघितलं. दसऱ्यानंतरचे दिवस. सकाळी जमिनीवरून थंड वारा सुटायचा आणि समुद्र असा गप्प पडायचा की जणू ताटात ओतून ठेवलाय. पल्लवी मॅडमनी बघितलं असतं तर मला तिथेच नोकरीत वर चढवलं असतं.

मग मी स्टँडवर गेलो. गाडी उभी होती, मास्तर पायरीवर बसून माळेचे मणी ओढत होता.

"मास्तर, तुमका पोहूक येता?"

"न्हाई बा."

"पळूक?"

"एस.टी.च्या मागं लई पळालोय. का रं?"

मी सांगितलं. तो माळ हातात तशीच धरून बसला. ड्रायव्हर गफूरभाई आत सीटवर आडवे झाले होते, ते उठून खिडकीतून डोकावले.

"लवू, तुझ्या बाबास्नी सांगूनच करूया की," मास्तर म्हणाला. "म्या थांबतो. थांबायचं काय मला नवं न्हाई."

माझं डोकं सटकलं. "थांबा! बसा थांबून! तुमी थांबलात, आते थांबली, बाबा थांबलेलेच आसत. गाडी गंजान जायत तरी तुमी सगळे थांब्यारच उभे!"

गफूरभाई खिडकीतून म्हणाले, "मास्तर, पोरगं बरोबर बोलतंय. डबल बेल मारा."

मास्तरने माळ कपाळाला लावली. मग हळूच विचारलं, "हार मोगऱ्याचा घेऊ का अबोलीचा?"

"अबोली," मी म्हटलं. "तिका अबोली आवडता."

ठरलं ते असं. मास्तर आणि गफूरभाई दोघांची सुट्टी होती त्या दिवशी उजाडल्यावर धाकट्या पुळणीवर लग्न. भटजी आला तर गावात बोभाटा, म्हणून मंगलाष्टकं माझ्या फोनवर. तालुक्याच्या कचेरीतली नोंदणी मास्तर नंतर करणार. लग्न लागलं की सडा ओलांडून पलीकडच्या गावात, तिथून दुपारच्या गाडीने गडहिंग्लज. बाबा त्या वेळी थोरल्या पुळणीवर असणार. ते आमच्या रापणीचे, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, तांडेल. म्हणजे होडी त्यांच्या हातात, जाळं त्यांच्या हुकमावर, आणि आलेल्या मासळीचा वाटाही तेच घालणार. त्या हंगामात वाटायला काहीच नव्हतं. महिनाभर जाळं टाकायचं, ओढायचं आणि चिंबोऱ्या आणि प्लास्टिक झटकायचं. रापणीतली अर्धी माणसं पर्यटकांच्या बोटींवर गेली होती. बाबा जाळं विकायचं म्हणत होते. भिंतीकडे बघून म्हणायचे.

त्या सकाळी बाबा होडीवर गेल्याबरोबर आते जांभळं लुगडं नेसून बाहेर आली. मुंडावळ्या तिने पिशवीत लपवल्या होत्या. निघताना दारात थांबली, परत आत गेली, बाबांची पेज चुलीवर झाकून ठेवली, वर दगड ठेवला मांजरासाठी, आणि मग आली. तिचं नाक लाल झालं होतं.

"रडतंस?"

"धूर गेलो डोळ्यात. चल."

मांडव मी आदल्या दिवशीच उभा केला होता. चार काठ्यांना रिसॉर्टने टाकलेले पडदे. काठ्या म्हणजे आमच्या परसातली मोडकी वल्ही, त्यातलं एक मी मोडलेलं. मास्तर धुतलेलं धोतर आणि कोट घालून आला होता. गफूरभाईंच्या हातात तिकिटांची जुनी पत्र्याची पेटी. तिच्यात अक्षता, मंगळसूत्र आणि हार.

"हे बघ," गफूरभाई म्हणाले, "ह्या पेटीत आजवर सुट्टे पैसे सोडून काही चांगलं ठेवलं नव्हतं."

अंतरपाट म्हणजे रिसॉर्टची पांढरी चादर. एक टोक माझ्याकडे, एक गफूरभाईंकडे. आते समुद्राकडे तोंड करून, मास्तर डोंगराकडे. मी फोन दगडावर ठेवून मंगलाष्टकं लावली. वारा पाठीमागून. ऊन बाजूने. पाणी ओहोटीचं, लाट नाही. सगळं असं जुळून आलं होतं की मला ओरडावंसं वाटत होतं. गफूरभाईंनी डोळे मिटले होते.

पहिलं कडवं झालं. आतेचे डोळे चादरीवरून दिसत होते. आणि ते डोळे बदलले.

ती नजर मला माहीत होती. मी लहान असताना ती मला खडकावर बसवायची आणि म्हणायची, बघ, आभाळात ढग नाय, मगे पाण्यात सावली खयसून इली? पाणी बघायला मला तिनेच शिकवलं. मी मान वळवली. पुळणीच्या समोर, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ, पाण्यावर एक काळपट डाग सरकत होता. आभाळ कोरं होतं. डागाच्या कडेला पाणी शहारत होतं. वर पक्षी सुरीसारखे खाली पडत होते.

तारली. आख्खा थवा. महिनाभर जाळ्याला चुकलेला.

"आते," मी दात आवळून म्हटलं, "नको."

"लवू..."

"पाच मिनटा! आते, फक्त पाच मिनटा थांब!"

"मासो पाच मिनटा थांबतलो काय रे?"

"बाबा येतीत! सगळा गाव येयत! तुजा लगीन..."

ती मास्तरकडे बघत होती. मास्तरला काही कळत नव्हतं, त्याची पाठ समुद्राकडे. तो एवढंच म्हणाला, "काय झालं, बाई?"

"मास्तर, मासो इलो हा," आते म्हणाली. "गावाक महिनाभर मासो मेळूक नाय. मी गप रवलंय तर..."

मास्तरने तिच्याकडे बघितलं. "मग बोलवा की," तो म्हणाला. "म्या हाय इथंच."

आतेने माझ्या हातातली चादर हिसकावली, लुगडं खोचलं आणि गुडघा विसरून त्या टेकाडाच्या खडकावर चढली. मुंडावळ्या कानांवर फडफडत होत्या. वरून थोरली पुळणही दिसायची. तिने चादर डोक्यावर गरगर फिरवली आणि अशी हाळी घातली की खालचे पक्षी उधळले.

"इलो रे इलो! तारली इली! धाकट्या पुळणीर! होडी हाणा!"

खाली फोन अजून मंगलाष्टकं म्हणत होता. मी तो बंद करून खिशात कोंबला आणि रागाने एका वल्ह्याला लाथ मारली, मांडव एका बाजूला कलला.

"लवू, आता काय करायचं?" मास्तरने विचारलं.

"काय करूचा? कोट काढा. दोर वडूचो आसा!"

होडी टेकाडाला वळसा घालून आली तेव्हा बाबा मागे उभे राहून मोठं वल्हं मारत होते. त्यांनी वर बघितलं. खडकावर त्यांची बहीण, जांभळं लुगडं, मुंडावळ्या, हातात चादर. त्यांनी खाली बघितलं. तिरका मांडव, कोट काढणारा मास्तर, मी. त्यांचं तोंड उघडलं. मला माहीत होतं आता काय येणार.

"भायर घे!" आते वरून गरजली. चादर डावीकडे हलली. "आजून भायर! मासो भायर सरता!"

बाबांचं तोंड मिटलं. होडी बाहेर वळली.

आमच्याकडे हे असंच आहे. पाण्यातला मासा किनाऱ्यावरून दिसतो, होडीतून नाही. जो वरून दाखवतो त्याचं ऐकायचं, मग तो कोणीही असो. आणि जाळं पाण्यात असेपर्यंत दोरावर भांडायचं नाही. बापजाद्यांची खुनशी वैरं असलेली माणसं एका दोराला जोडीने झुकताना मी बघितली आहेत. तोंडं फिरवून ओढतात, पण ओढतात.

होडीतून दोराचं पहिलं टोक आमच्याकडे फेकलं गेलं. मी झेललं. होडी जाळं सोडत, थव्याला वळसा घालत, पुळणीच्या दुसऱ्या टोकाला गेली. बाबा तिथे उतरले, दुसरा दोर त्यांच्या हातात. मध्ये समुद्रात जाळ्याची मोठी कमान, आणि कमानीच्या पोटात मासा. सड्यावरून माणसं धावत येत होती, बायका, म्हातारे, शाळेची दप्तरं टाकून पोरं. कुणी त्या दोराला, कुणी ह्या.

"वडा रे वडा!"

मी, मास्तर, गफूरभाई पुढे. दोराला असा हिसका बसला की गफूरभाई वाळूत बसले. मी घसरलो. मास्तर हलला नाही. मी चकित होऊन बघतच राहिलो. तिकीट फाडणारे मऊ हात, दोराने सोलून निघत होते, पण पाय वाळूत रुतवून तो असा उभा होता जसा घाटातल्या वळणांवर काही न धरता उभा राहतो. दोर मागे खेचायचा तेव्हा अंग सैल सोडायचा, ढिला पडला की झुकायचा.

"मास्तर, आधी वडलंत काय कधी रापण?"

"न्हाई रं. गाडीगत हाय. ब्रेक लागला की मागं, सुटला की फुडं."

दोर आत येत होता तशा दोन्ही रांगा एकमेकांकडे सरकत होत्या. रापण अशीच ओढतात. जाळं जवळ आलं की दोन टोकंही जवळ येतात. पलीकडून बाबा येत होते, इकडून आम्ही. मला त्यांची मिशी दिसायला लागली, मग कपाळावरची शीर. ते ओरडत होते, "द्वारके, तेका सांग, दोर ढिलो सोडू नको!" पण आते खडकावर होती, तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्यांनी दुसऱ्यांदा ओरडून बघितलं. तिसऱ्यांदा. मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी दोर घट्ट केला, पण वळून बघितलं नाही.

जाळं कमरेएवढ्या पाण्यात आलं. आता शिरलो आम्ही आत. पाणी उकळल्यासारखं. मासे पायांवर आपटत होते, मांड्यांवर, पोटावर. बायका किंचाळत होत्या, म्हातारे शिव्या देत हसत होते. मी आणि बाबा समोरासमोर, मध्ये फक्त जाळ्याची कड. आणि तेवढ्यात ती खालची कड वाळूवरून उचलली गेली. माझ्याच पायाशी. चांदीची धारच सुटली बाहेर.

बाबांनी खडकाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"लवू! पाय दाब! लवू, खाली दाब, सुटतत!"

मी दोन्ही पाय टाकून कड दाबली. मग पूर्ण बसलोच तिच्यावर, पाणी गळ्यापर्यंत. बाबा माझ्या शेजारी आले आणि तेही बसले. खांद्याला खांदा. एवढ्या महिन्यांत त्यांच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं. माझा फोन खिशात होता, तो तिथेच मेला. मला कळलंसुद्धा नाही.

जाळं वर आलं तेव्हा पुळण पांढरी झाली. एवढी तारली मी त्याआधी बघितली नव्हती. माणसं ओरडत होती, नाचत होती, एकमेकांच्या अंगावर मासे फेकत होती. आते खाली आली, मुंडावळ्या एका कानाला लटकत होत्या.

मग एकदम सगळे गप्प झाले, कारण जाळं आता पाण्यात नव्हतं.

बाबा मांडवाकडे गेले. कललेल्या वल्ह्यावर हात फिरवला, मी मोडलेल्या. मग समुद्राकडे, वाऱ्याकडे, सावलीकडे बघितलं.

"जागा कोणी बघल्यान?"

"लवून," आते म्हणाली.

"वारो बघल्यान. पाणी बघल्यान. लाट बघल्यान." बाबांनी मान हलवली. "रापण टाकूक ह्याच्यापरास बरी जागा नाय, ह्याच्यापरास बरी वेळ नाय. आणि रापणकाराच्या झिलान थय लगीन घातल्यान. मासो येतलो ह्या तेच्या मनात इला नाय?"

लोक हसले. माझे कान तापले. पण खरंच, माझ्या मनात आलं नव्हतं.

मग वाटे सुरू झाले. दोराला हात लावला त्याला वाटा, हे आमच्याकडे न बोलता चालतं. तांडेल स्वतःच्या हाताने देतो. बाबा देत देत मास्तरपर्यंत आले. मास्तरने हात पुढे केले, तर दोन्ही तळवे सोललेले, रक्त आलेलं. बाबांनी ते हात बराच वेळ बघितले.

"तुमी तर खावचात नाय."

"न्हाई," मास्तर म्हणाला. "पर बाईंची टोपली रोज म्या शेजारीच ठेवतो. ह्ये बी त्यातच घाला."

बाबांनी त्याच्या वाट्याची ओंजळ आतेच्या टोपलीत टाकली. आणखी एक टाकली. मग पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. आतेने माझ्याकडे बघितलं. जा, असं डोळ्यांनी सांगितलं. निरोप काही दिला नाही.

मी गेलो. काय बोलायचं ते माहीत नव्हतं, म्हणून रागानेच सुरुवात केली.

"बांगड्यासाठी आडवलात तुमी तिका? बांगड्यासाठी?"

"बांगड्यासाठी कोण आडवता रे." ते समुद्राकडेच बघत होते. "ती गेली काय घरात तू नि मी. तू माज्याशी बोलणंस नाय. मी तुज्याशी बोलणंय नाय. आमटी व्हयी काय, ह्या पण कोणाक विचारूचा?"

"मगे तसा सांगूचा होता!"

"कोणाक सांगू? माजो झील माज्याशी बोलणा नाय, म्हणान मी भयण देणंय नाय? लोक काय म्हणतीत?" ते खाकरले. "बांगड्याचा सांगणा बरा."

 पायाशी एक तारली तडफडत होती, ती मी उचलून टोपलीकडे फेकली.

"तुमी म्हणालात पाय दाब," मी म्हटलं. "मी दाबलंय."

"दाबलंस."

"मगे बोललंव ना आमी."

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. त्यांच्या अंगावर माशांचे खवले चिकटलेले, मिशीवर पण एक. "अंतरपाट खय आसा?" त्यांनी विचारलं. मला विचारलं.

अंतरपाट म्हणजे ती चादर. भिजलेली, वाळूने भरलेली, कुणीतरी तिच्यात मासे भरून ओढलेली, वासाने डोकं उठत होतं. एक टोक बाबांनी धरलं, एक मी. फोन मेलेला, भटजी नाही. मंगलाष्टकं कुणालाच धड येत नव्हती. प्रत्येक बाईला एकेक ओळ येत होती आणि तीही वेगवेगळी. शेवटी म्हाताऱ्यांनी ताबा घेतला आणि दोर ओढताना लावतात त्या सुरात आख्ख्या पुळणीने एकच लावून धरलं, "शुभमंगल... हो! सावधान... हो!" आम्ही चादर सोडली. मास्तरचे हात हार घालताना दुखत होते, म्हणून आतेनेच मान खाली केली.

गफूरभाईंनी पेटीवर दोनदा बोटं वाजवली. डबल बेल.

निघताना बाबा मास्तरला म्हणाले, "तुमी खाव नकात. पण तिच्या ताटातलो काढू नकात."

"छ्या," मास्तर म्हणाला. "आमच्या घरी दोन चुली करीन."

आणि आतेला आम्ही दोघांनी सड्याच्या टोकावरून टाटा केला. बाबांनी आधी केला.

तीन वर्षं झाली त्याला. रिसॉर्ट मी सोडलं. आता खडकावर मी बसतो. आतेचा फोन येतो, भांडी आपटत विचारते, "आज काय बोललात?" मी सांगतो, भांडलो. ती म्हणते, "थेट?" मी म्हणतो, थेट. ती म्हणते, "बरा."

आजही भांडलोच आहोत. सकाळपासून, नव्या जाळ्यावरून. मी रागाने इथे आत येऊन हे लिहीत बसलो. पण आता बाहेर वारा पडलाय, आणि खिडकीतून धाकट्या पुळणीच्या बाजूला पक्षी दिसतायत, सुरीसारखे खाली जाणारे, आणि बाबा अंगणातून घसा फोडून ओरडतायत, "लवू! लवग्या! मेल्या, खय मेलंस? दोराक हात नायत!"

मला निघायला हवं.